घरांतील बिनतारी जोडणी व अडून बसलेला लॅपटॉप

जमिनीचा उतारा काढणें, फेरफारासाठीं अर्ज करणें, ठिबक संचाच्या अनुदानाचीं कागदपत्रें दाखल करणें, बँकेंतील खातें पाहणें हीं कामें पूर्वीं तालुक्याच्या गांवीं खेपा घातल्यावांचून होत नसत. आतां तीं घरच्या ओटीवर बसून होतात. आपल्या राज्यांत १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा उतारा मिळूं लागला. पंधरा रुपये भरले म्हणजे तो घरबसल्या हातीं पडतो. ज्यांनीं नकलेच्या एका कागदासाठीं दोन दोन दिवस मोडले आहेत, आणि ज्यांनीं प्रस्तुत लेखकाप्रमाणें टेबलाच्या दुसऱ्या बाजूस बसून त्या नकला करून दिल्या आहेत, त्या दोघांसही ह्या सोयीचें मोल सारखेंच कळतें. परंतु ही सोय ज्या धाग्यावर लोंबते तो धागा फार बारीक आहे. नेमक्या मुदतीच्या दिवशीं लॅपटॉप उघडावा आणि कोपऱ्यांतील खुणेवर फुली दिसावी, हा अनुभव वाचकांपैकीं पुष्कळांस आला असेल.

अशा वेळीं बहुतेक घरीं काय होतें, तें नाशिकरोडच्या परिसरांत अनेकदां पाहण्यांत आलें आहे. घरांतील कोणीतरी हौशी मुलगा राउटरच्या पाठीमागील बारीक भोंकांत टांचणी घालून आंतील बटण दाबतो. दुसरा कोणी लॅपटॉप पिशवींत घालून बाजारांत नेतो. तेथें ‘विंडोज नव्यानें बसवावें लागेल’ असें सांगण्यांत येतें. पैसे तर जातातच. पण त्यांबरोबर फवारणीच्या नोंदी, मजुरीचे हिशेब, आडतीच्या हिशेबपट्ट्यांचीं छायाचित्रें हेंही पुसलें जातें. पैसे पुढल्या हंगामांत मिळवितां येतील, चार वर्षांच्या फवारणीच्या नोंदी मिळवितां येत नाहींत. आणि परदेशीं द्राक्षें पाठविणाऱ्या बागाईतदारास त्या नोंदी सातबाऱ्याइतक्याच मोलाच्या असतात. इतकें नुकसान ज्या दुखण्यापायीं होतें तें दुखणें दहांपैकीं आठ वेळां अगदीं किरकोळ निघतें. म्हणून बिघाड शोधण्याची रीत कोणती, तें येथें जरा विस्तारानें लिहिण्याचें योजिलें आहे.

पाटाचें पाणी शेवटच्या वाफ्यास पोंचलें नाहीं तर जाणता शेतकरी सारा पाट उकरीत बसत नाहीं. तो पाट धरून चालूं लागतो, आणि पाणी कोठपर्यंत आहे व कोठून पुढें नाहीं एवढेंच पाहतो. बागलाणांत मोसम व आरम ह्या नद्यांवरील फडांचे पाटकरी पिढ्यान्‌पिढ्या हेंच काम करीत आले. इंटरनेटचा पाटही असाच टप्प्याटप्प्यानें येतो. कंपनीच्या ठाण्यापासून केसाएवढ्या काचतंतूंतून प्रकाशाच्या रूपानें संदेश आपल्या भिंतीपर्यंत येतो. तेथें एका लहानशा पेटींत त्या प्रकाशाचें विजेच्या संदेशांत रूपांतर होतें. तेथून तो राउटरकडे जातो. हल्लीं पेटी व राउटर हीं बहुधा एकाच डब्यांत असतात. राउटर तो संदेश बिनतारी लहरींनीं घरांत पसरवितो, व लॅपटॉपच्या आंत बसविलेला वायफायचा भाग त्या लहरी पकडतो. एवढ्यानेंही भागत नाहीं. राउटरनें लॅपटॉपला एक तात्पुरता क्रमांक द्यावा लागतो. आणि आपण लिहिलेल्या नांवावरून पलीकडील यंत्राचा क्रमांक काढून देणारें एक दप्तर असावें लागतें. पाणी अडतें तें ह्यांपैकीं कोणत्या तरी एका ठिकाणीं, आणि क्वचितच दोन ठिकाणीं.

पहिली पाहणी एका मिनिटाची आहे. घरांतील एक फोन घ्यावा, त्याचा मोबाइल डेटा बंद करावा, व तो त्याच वायफायवर ठेवून एखादें नवें पान उघडून पाहावें. डेटा बंद करण्याची गोष्ट बहुतेक जण विसरतात. घरांतील वायफाय मेलें तरी फोन मुकाट्यानें मोबाइल कंपनीच्या मनोऱ्यावरून आपलें काम चालवितो, आणि मालक म्हणतो, ‘फोन तर चालतो, म्हणजे खोड लॅपटॉपचीच.’ ह्या एका गैरसमजुतीनें कित्येक धडधाकट लॅपटॉप उघडले गेले आहेत. डेटा बंद केल्यावर फोनही अडला, तर लॅपटॉपला हात लावूं नये. फोन चालला आणि लॅपटॉपच अडला, तर राउटरला हात लावूं नये. एवढें पाळलें तरी निम्मा घोळ टळतो.

फोनही अडला असें ठरलें म्हणजे पेटीवरील दिव्यांकडे पाहावें. ‘पॉवर’चा दिवाच नसेल तर वीज नाहीं, अगर भिंतींत खोंचलेला अडॅप्टर जळाला आहे. नवा आणतांना जुन्यावर छापलेले व्होल्ट तितकेच व अँपियर निदान तितके आहेत, हें ताडून घ्यावें. ‘पॉन’ ह्या नांवाचा दिवा स्थिर असला म्हणजे काचतंतूंतून प्रकाश येत आहे असें समजावें. ‘लॉस’ नांवाचा दिवा तांबडा झाला म्हणजे प्रकाश येत नाहीं. हा शब्द वाचून आपलें कांहीं नुकसान झालें असा अर्थ कोणी करतात. वास्तविक तो तीन इंग्रजी अक्षरांचा संक्षेप असून ‘संदेश हरपला’ एवढेंच सांगतो.

प्रकाश अडण्याचीं कारणें आपल्या बाजूस ठरलेलीं आहेत. खांबाखांबावरून आलेली तार उसानें भरलेल्या ट्रॉलीस अडकून तुटते; जमिनींतून नेली असेल तर चर खणणाऱ्या यंत्राखालीं सांपडते; घरांत उंदीर कुरतडतात. न तुटतांही ती अडते. उरलेली तार खिळ्याभोंवतीं काटकोनांत गुंडाळली, अगर कपाट सरकवितांना भिंतीशीं दाबली गेली, तर त्या तीव्र वळणावर काचेंतील प्रकाश बाहेर गळतो. वळण मोकळें करून ताटलीएवढ्या वेटोळ्यांत तार ठेवली कीं कित्येक वेळां तांबडा दिवा आपोआप विझतो. तार तुटलीच असेल तर ती गांठ मारून किंवा पट्टी चिकटवून जोडतां येत नाहीं. ती यंत्रानें सांधावी लागते, व तें काम कंपनीच्या माणसाचें आहे. आणखी एक इशारा मुलांस आवर्जून द्यावा. निखळलेल्या तारेचें टोक डोळ्यांसमोर धरून ‘उजेड येतो का’ हें पाहूं नये. त्यांतील किरण डोळ्यांस दिसत नाहीं, तथापि अपाय करूं शकतो.

विजेचें प्रकरण निराळें आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राचीं धुराडीं ज्या वस्त्यांवरून दिसतात त्या वस्त्यांवरही वीज जातेच. त्यांतही गांवठाणांतील घर व मळ्यांतील वस्ती ह्यांत भेद आहे. शेतीपंपाच्या वाहिनीवर तीन फेजची वीज दिवसांतून सुमारें आठ तास, तीही पाळीपाळीनें, मिळत आली आहे. ती आली कीं साऱ्या विहिरींवरच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्ट खालीं बसतात, दिवा मंद होतो, आणि राउटर मरून पुन्हां जागा होतो. जागा होण्यास त्यास दोनतीन मिनिटें लागतात. मालक म्हणतो, ‘आमचें इंटरनेट येतें-जातें.’ इंटरनेट येत-जात नसतें. वीज येत-जात असते. ज्यांचा बिघाड मोटारीच्या वेळेशीं जुळतो त्यांनीं राउटरसाठींच मिळणारी लहान बॅटरी बसवावी. कंपनीशीं भांडण्यांत वेळ घालवूं नये.

आतां लहरींकडे वळूं. राउटर चालतो, ओटीवर सर्व कांहीं उघडतें, पण आंतल्या खोलींत लॅपटॉप मुका होतो, अशी तक्रार जुन्या वाड्यांतून फार येते. त्याचें कारण वाड्याचा थोरपणाच होय. काळ्या दगडाची दोन फूट जाडीची भिंत बिनतारी लहरींस सहजीं ओलांडूं देत नाहीं. पत्र्याचें छप्पर व लोखंडी कपाट त्यांस परत फिरवितें. पाण्यानें भरलेली टाकी त्यांस पिऊन टाकते. राउटरवर बहुधा दोन नांवें दिसतात, एक २.४ व दुसरें ५ गिगाहर्ट्झचें. पहिल्याची चाल मंद पण मजल लांब. दुसऱ्याची चाल भरधाव पण भिंत लागली कीं दम संपतो. म्हणून आंतल्या खोलीसाठीं पहिलें धरावें. राउटर घराच्या मध्यावर, छातीभर उंचीवर, उघड्या जागेंत असावा. धूळ लागूं नये म्हणून कित्येक घरीं तो लोखंडी कपाटांत बंद केलेला पाहिला आहे. नाशिकरोडास मध्यवर्ती तुरुंग आहे हें खरें, परंतु राउटरनें तसा गुन्हा केलेला नसतो.

ह्या लहरी फुकट वापरावयास मिळतात ही गोष्ट फार जुनी नाहीं. १९२७ सालीं विलायतेशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें तेव्हां आपल्या पुणें जिल्ह्यांत खडकीहून संदेश पाठवीत व दौंडास ते घेत. पुढें १९३३ च्या कायद्यानें बिनतारी यंत्र परवान्याशिवाय जवळ बाळगणें हा गुन्हा ठरला, आणि साधा रेडिओ घरीं ठेवण्यासाठींही टपाल कचेरींतून परवाना काढावा लागे. तीं परवान्याचीं पुस्तकें अजून कांहीं घरांतील ट्रंकांत सांपडतील. २००५ मध्यें सरकारनें २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांपुरता परवान्यांतून मोकळा केला, व २०१८ मध्यें ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचाही मोठा भाग खुला केला. महसुली भाषेंत बोलावयाचें तर हें गायरान आहे. कोणाच्याही मालकीचें नाहीं, म्हणून सर्वांचीं जनावरें तेथेंच चरतात. मळ्यांतील एकट्या घरास ह्याचा त्रास नाहीं. परंतु जेल रोडवरील किंवा देवळाली गांवांतील एका इमारतींत वीस राउटर एकाच पट्ट्यांत बोलूं लागले म्हणजे कोणाचेंच धड ऐकूं येत नाहीं. त्या पट्ट्यांत एकमेकांवर न चढणारे मार्ग तीनच धरतात: १, ६ व ११. राउटरच्या मांडणींत जाऊन ह्यांपैकीं कमी गर्दीचा मार्ग निवडावा, अगर लॅपटॉप जवळ असतांना ५ गिगाहर्ट्झवर जावें.

येथें एक चमत्कारिक प्रकार नमूद करण्याजोगा आहे. ज्यांचीं मुलें अमेरिकेंत आहेत त्यांच्या घरीं तिकडील लॅपटॉप येतो. त्यास शेजाऱ्यांचीं सर्व वायफाय दिसतात, घरचें मात्र दिसत नाहीं. अमेरिकेंत २.४ च्या पट्ट्यांतील १२ व १३ हे मार्ग सामान्यतः वापरीत नाहींत, म्हणून तिकडील कित्येक यंत्रें तिकडे कान देत नाहींत. आपल्याकडे ते मार्ग चालतात, आणि राउटर आपल्या मर्जीनें त्यांपैकीं एक धरून बसलेला असतो. राउटर ११ वर आणला कीं घरचें वायफाय दिसूं लागतें. यंत्र उत्तम, फक्त सवय परदेशची.

फोन चालतो, लॅपटॉप राउटरशेजारीं ठेवूनही चालत नाहीं, असें ठरलें म्हणजेच लॅपटॉप पुढें घ्यावा. यादींत एकही वायफाय दिसत नसेल तर बहुधा विमानाची खूण पेटलेली असते. धूळ पुसतांना किंवा मुलाच्या खेळांत वरच्या ओळींतील एक कळ दाबली जाते आणि सारें बिनतारी एकदम बंद पडतें. कांहीं जुन्या लॅपटॉपांच्या कडेस सरकणारी कळही असते. ती चालू करून भागलें नाहीं तर यंत्र पुरतें बंद करून पुन्हां सुरू करावें. नुसतें झांकण मिटणें म्हणजे बंद करणें नव्हे. तरीही यादी रिकामीच राहिली तर वायफायचा चालक-कार्यक्रम, ज्यास ड्रायव्हर म्हणतात, तो बिघडला आहे, अगर तो भागच निकामी झाला आहे. दुसऱ्या स्थितींत लॅपटॉप खोलण्यापेक्षां बाहेरून यूएसबीच्या खांचेंत बसणारा अंगठ्याएवढा वायफायचा तुकडा घेणें पुष्कळ स्वस्त पडतें.

घरचें नांव दिसतें पण पासवर्ड घेत नाहीं, ह्या तक्रारींत लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा, अगर शून्य व ‘ओ’ ह्यांचा घोळ असतो. डोळा असलेल्या खुणेवर दाबून लिहिलेलें वाचून पाहावें. मध्यंतरीं कोणी पासवर्ड बदलला असेल तर लॅपटॉप जुनाच पुढें करीत राहतो. त्यास ‘फरगेट’ ह्या आज्ञेनें तें नांव विसरावयास लावून नव्यानें ओळख करून द्यावी. राउटर नवा आणि लॅपटॉप आठदहा वर्षांचा असेल तर पहारा फार कडक केलेला असण्याचा संभव आहे: राउटरवर केवळ ‘डब्ल्यूपीए३’ ठेवलें असल्यास जुन्या यंत्रास आंत शिरतां येत नाहीं, ‘डब्ल्यूपीए२ व ३’ अशी मिश्र सवलत द्यावी.

जोडणी झाली आहे, परंतु खालीं ‘इंटरनेट नाहीं’ असें लिहून येतें, ही स्थिति लोकांस सर्वांत गोंधळांत टाकते. आणि पाट धरून चालण्याची रीत येथेंच खरी उपयोगीं पडते. विंडोजच्या शोधपट्टींत सी, एम, डी हीं तीन इंग्रजी अक्षरें लिहून एंटरची कळ दाबली म्हणजे एक काळी पाटी उघडते. तिला भिण्याचें कारण नाहीं. पुढें सांगितलेल्या आज्ञांनीं कांहीं पुसलें जात नाहीं. तिच्यावर ‘आयपीकॉन्फिग’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहावा. वायफायच्या मथळ्याखालीं लॅपटॉपला मिळालेला क्रमांक दिसतो, व त्याच्या खालीं ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून राउटरचा स्वतःचा क्रमांक असतो. घरांतील क्रमांक बहुधा १९२.१६८ ह्यानें सुरू होतात. तेथें १६९.२५४ नें सुरू होणारा क्रमांक दिसला तर राउटरनें क्रमांक दिलेलाच नाहीं; वाट पाहून थकल्यावर लॅपटॉपनें आपल्या मनानें एक घेतला आहे. ही मंजूर न झालेली नोंद होय, तिच्यावर पुढें कोणतेंच काम चालणार नाहीं. राउटर वीजेवरून काढून अर्ध्या मिनिटानें पुन्हां लावावा, लॅपटॉपला तें नांव विसरावयास लावून पुन्हां जोडावें. तरीही फरक पडला नाहीं तर वायफायच्या मांडणींत क्रमांक आपोआप घेण्याची व्यवस्था, म्हणजे ‘ऑटोमॅटिक’ असें लिहिलेलें आहे कीं नाहीं, तें पाहावें. पूर्वीं एखाद्या कचेरींत वापरलेला लॅपटॉप विकत घेतला असेल तर तेथील कायमचा क्रमांक त्यांत अजून लिहिलेला सांपडतो.

क्रमांक बरोबर असेल तर पुढें तीन हांका मारून पाहाव्या. ‘पिंग’ म्हणजे हांक. पी, आय, एन, जी हीं अक्षरें, मग एक मोकळी जागा, मग ज्यास हांक मारावयाची त्याचा क्रमांक. पहिली हांक राउटरला, म्हणजे गेटवेपुढें दिसलेल्या क्रमांकाला मारावी. ‘रिप्लाय’ असें उत्तर आलें म्हणजे घरांतील हवेचा टप्पा ठीक आहे. ‘टाइम्ड आउट’ आलें तर लहरीच नीट पोंचत नाहींत. दुसरी हांक ८.८.८.८ ह्या क्रमांकाला. हा गूगलचा सार्वजनिक क्रमांक असून तो सहसा उत्तर देतो. पहिलीस ओ आली व दुसरीस आली नाहीं, तर पाणी राउटरच्या पलीकडे अडलें आहे. लॅपटॉप निर्दोष समजावा. तिसरी हांक क्रमांकास नव्हे, तर नांवास मारावी. गूगल डॉट कॉम हें नांव चालेल. दुसरीस ओ आली व तिसरी नांवच सांपडत नाहीं म्हणाली, तर नांवावरून क्रमांक काढणारें दप्तर बंद आहे. खातेदाराचें नांव ठाऊक आहे, परंतु आठ-अ चा खातेउतारा पाहण्यास मिळत नाहीं, म्हणून गट नंबर कळत नाहीं, असा हा प्रकार होय. मांडणींत ‘डीएनएस’ ह्या शीर्षकाखालीं ८.८.८.८ अगर १.१.१.१ लिहून दिलें कीं दुसरें दप्तर उघडतें आणि पानें दिसूं लागतात.

तिन्ही हांकांस ओ येते, इतर पानें उघडतात, पण उताऱ्याचें किंवा अर्जाचें एकच पान उघडत नाहीं, तर घरांत कांहीं बिघडलेलें नाहीं. मुदतीच्या शेवटच्या दिवशीं सरकारी संकेतस्थळावर सारा जिल्हा लोटतो. रात्रीं उशिरा किंवा पहाटे पुन्हां पाहावें.

तिन्ही हांकांस ओ येऊनही जवळजवळ प्रत्येक पान ‘सुरक्षित नाहीं’ म्हणून परत फिरवितें, असाही एक बिघाड आहे. आणि दुकानांत जाऊन पुसल्या जाणाऱ्या लॅपटॉपांत ह्याच बिघाडाचे बरेच असावेत असा आमचा तर्क आहे. चेहेडीकडील एका द्राक्षबागाईतदारानें एप्रिलची छाटणी उरकल्यावर मिटलेला लॅपटॉप पावसाळ्यांत उघडला. ठिबकच्या अनुदानाचीं कागदपत्रें चढवावयास दोन दिवस उरले होते. वायफाय जोडलेलें, फोन उत्तम चालणारा, आणि लॅपटॉपवर एकही पान उघडेना. ते तो घेऊन आमच्याकडे आले.

“भाऊसाहेब, दुकानदार म्हणतो सगळें पुसून पुन्हां भरावें लागेल. परवां मुदत संपते. आणि फवारणीची वही म्हणाल तर सगळी ह्याच्यांतच आहे.”

“नाना, आधीं हें सांगा, आज तारीख कोणती?”

नानांनीं भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलें.

“तिकडे नव्हे. लॅपटॉपच्या कोपऱ्यांत पाहा.”

तेथें २०१९ चा जानेवारी होता.

प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळ आपल्या ओळखीचा एक दाखला दाखवितें, आणि त्या दाखल्यावर ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी मुदत असते. लॅपटॉप ती मुदत स्वतःच्या घड्याळाशीं ताडून पाहतो. घड्याळ २०१९ सालीं थांबलेलें असेल तर आजचा दाखला त्यास अद्याप सुरूच न झालेला, म्हणजे खोटा वाटतो, व तो दार लावून घेतो. लॅपटॉपचें वागणें रास्तच असतें. चुकलेलें असतें तें पंचांग. कित्येक लॅपटॉपांत घड्याळ चालू ठेवण्यासाठीं नाण्याएवढा तीन व्होल्टचा सेल असतो. तो संपला आणि मोठी बॅटरीही महिनोन्‌महिने न भरल्यानें रिकामी झाली कीं घड्याळ मागें पडतें. तारीख, वेळ व भारताचा कालपट्टा दुरुस्त करून दिला, पान उघडलें. कागदपत्रें त्याच रात्रीं चढलीं. दुसऱ्या दिवशीं नानांच्या सुनेनें फवारणीची सारी वही एका पेनड्राइव्हवर उतरवून घेतली, व तो पेनड्राइव्ह खातेपुस्तिकेच्या पाकिटांत ठेवला. नवा सेल पुढें सवडीनें बसविला.

एक गोष्ट मात्र नानांस त्याच वेळीं सांगितली, ती येथेंही लिहितों. मुदत उद्यांवर आली असेल तर बिघाड शोधीत बसूं नये. फोन चार्ज करण्याच्या तारेनें लॅपटॉपला जोडावा, फोनच्या मांडणींत ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावें, आणि फोनच्या डेट्यावर अर्ज भरून टाकावा. लॅपटॉपचें वायफाय निकामी असलें तरी ह्या वाटेनें काम होतें, कारण येथें संदेश तारेंतून जातो. राउटरजवळ लॅन केबल असेल तर तीही तशीच उपयोगी. शिवाय केबलनें चाललें व हवेंतून चाललें नाहीं, तर दोष फक्त बिनतारी टप्प्याचा आहे हेंही त्यांतच कळतें.

टांचणीनें दाबावयाच्या बटणासंबंधीं लिहावयाचें राहिलें. राउटर वीजेवरून काढून पुन्हां लावणें निराळें, आणि तें बटण दाबून धरणें निराळें. पहिल्यानें यंत्र झोंपून उठतें. दुसऱ्यानें त्याची स्मृति जाते. कंपनीनें लिहून ठेवलेलें ग्राहकनांव, गुप्त शब्द, वायफायचें नांव, सर्व कोरें होतें. मग आधीं फक्त लॅपटॉप अडलेला असतो तेथें आतां घरांतील सर्व फोन, दूरदर्शन संच व पहाऱ्याचे कॅमेरे बंद पडतात, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत बंदच राहतात. ज्यांच्याजवळ हीं सर्व माहिती कागदावर लिहिलेली नसेल त्यांनीं त्या भोंकावर पट्टी चिकटवून टाकावी. जोडणी बसवितांनाच ग्राहक क्रमांक, ग्राहकनांव, दोन्ही पासवर्ड व चालू स्थितींत कोणकोणते दिवे कोणत्या रंगाचे असतात, हें एका वहींत उतरवून घ्यावें. दिव्यांचें तर फोनवर एक छायाचित्रच काढून ठेवावें. कांहीं बदल करून पाहावयाचा झाला तर एका वेळीं एकच करावा व तो लिहावा. चार कळा एकदम फिरविल्या आणि यंत्र चालूं लागलें, तर कशानें चाललें तें पुढल्या खेपेस कोणास सांगतां येणार?

दोष कंपनीच्या टप्प्यांत आहे असें ठरल्यावर तक्रार करतांना ‘नेट चालत नाहीं’ एवढें मोघम बोलूं नये. ‘लॉसचा दिवा तांबडा आहे’, अगर ‘राउटरपर्यंत हांक पोंचते, पुढें पोंचत नाहीं’ असें सांगितलें कीं पलीकडचा मनुष्य ‘राउटर बंद करून चालू करा’ हें पालुपद सोडून कामास लागतो. प्रत्येक तक्रारीस क्रमांक मिळतो. तो, तारीख व वेळ वहींत लिहावी. निकाल न लागल्यास त्याच क्रमांकाच्या आधारें कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें. क्रमांक नसला तर अपिलास पाया राहत नाहीं. वेग कमी पडतो अशी तक्रार असेल तर हेंही ध्यानांत असावें कीं, २०२३ च्या आरंभापासून आपल्या देशांत सेकंदास निदान २ मेगाबिट वेग देणाऱ्या जोडणीसच ब्रॉडबँड म्हणावें अशी व्याख्या ठरलेली आहे. कंपनीचा माणूस काम आटोपल्यावर राउटरशेजारीं उभा राहून स्वतःच्या फोनवर वेग दाखवितो व सही मागतो. त्यास थांबवावें, लॅपटॉप ज्या खोलींत नेहमीं वापरतों त्या खोलींत न्यावा, दार लावून घ्यावें, एक उतारा त्याच्यासमक्ष उघडून पाहावा, आणि मग सही करावी.